डहाणूची राख आणि शहरांचा कचरा

मुंबईच्या उपनगरांत तिन्हीसांजेला दिवे लागतात तेव्हा ते कोठे जळणाऱ्या कोळशावर लागले, याची विचारपूस करण्याचा रिवाज आपल्याकडे नाही. डहाणूच्या खाडीकाठी गेल्या शतकाच्या अखेरीस उभे राहिलेले ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र मुंबईला वीज पुरवीत आले. राख, धूर आणि यंत्रे थंड करून खाडीत सोडलेले ऊन पाणी हे मात्र डहाणूच्या वाट्यास आले. हा जुना हिशेब आज पुन्हा काढण्याचे कारण असे की, कचरा जाळून वीज करण्याची कल्पना राज्यभर मोठ्या उत्साहाने मांडली जात असून, उद्या ती डहाणू व तलासरीच्या वेशीवर येऊन उभी राहिल्यास आम्हांस आश्चर्य वाटणार नाही.

तशी ती येण्याजोगी परिस्थितीही निर्माण होत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदरामागून गोदामे येतील, वसाहती येतील, खाणावळी येतील आणि त्या सर्वांचा कचराही येईल. तलासरीवरून जाणाऱ्या महामार्गाची वर्दळ तर आजच वाढती आहे. कचरा वाढला की तो एकदम नाहीसा करणारे एखादे यंत्र हवेसे वाटू लागते, आणि ते यंत्र वर वीजही देणार असेल तर मग विचारावयासच नको!

युरोपातील दाखला या संदर्भात हमखास दिला जातो. व्हिएन्नातील स्पिटेलाऊचे केंद्र १९७१ पासून शहरातील घरांना ऊब पुरवीत आहे; कोपनहेगनला २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या छपरावर लोक स्कीवरून घसरण्याचा खेळ खेळतात. हे खरे आहे आणि कौतुकास्पदही आहे. परंतु त्यामागील गणित कोणी सांगत नाही. कचरा जाळून नुसती वीज केली तर त्यातील उष्णतेचा साधारणतः चतुर्थांश भागच विजेत उतरतो. बाकीची वाया जाते. थंड देशांत ती वाया न घालविता तिच्यावर पाणी तापवून नळांवाटे घरोघर पोहोचविता येते, म्हणून तेथे हा व्यवहार परवडतो. डहाणूच्या किनाऱ्यावर पौषातही एखादे पांघरूण पुरते. तेथे ही ऊब विकत कोण घेणार?

दुसरी गोष्ट कचऱ्याच्या जातीची. आपल्या कचऱ्यात भाजीचे देठ, फळांच्या साली, शिळे अन्न आणि पाणी यांचा भरणा अधिक. ओले लाकूड चुलीत सारून फुंकणी फुंकणाऱ्या कोणत्याही गृहिणीस यातील अडचण समजावून द्यावी लागत नाही. दिल्लीस मात्र ती समजण्यासाठी फार मोठी किंमत द्यावी लागली. तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्याच तंत्रावर रोज ३०० टन कचरा जाळणारे केंद्र उभारण्यात आले. ते काही आठवडे चालले आणि बंद पडले, कारण तेथे येणाऱ्या कचऱ्यात जळण्याचा गुणच पुरेसा नव्हता. पुढे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्मांक असलेला, पुनर्वापरास अयोग्य असा कचराच ऊर्जेसाठी वापरावा, असा दंडक घातला, तो या अनुभवाशी सुसंगतच होता.

कचरा नीट वेगळा करून जाळल्यास केंद्र चालू शकते, हे आम्ही नाकारीत नाही. पिंपरी-चिंचवडला मोशी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटन झालेले केंद्र रोज ७०० टन सुका कचरा घेऊन १४ मेगावॉट वीज देण्याच्या क्षमतेचे आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ७०० टन सुका कचरा रोज देणारी वस्ती म्हणजे महानगर होय. डहाणू आणि तलासरी या दोन गावांची झोळी त्यापुढे केवढी? तेव्हा असे केंद्र येथे उभे राहिलेच, तर त्याची भूक भागविण्यासाठी वसई-विरारकडून, कदाचित आमच्या मुंबईकडूनही, मालमोटारी भरभरून कचरा आणावा लागेल. कोपनहेगनसारख्या शहरालाही आपली भट्टी पूर्ण क्षमतेने चालविण्यासाठी परदेशांतून कचरा आणावा लागला, आणि २०२० मध्ये डेन्मार्कनेच जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले. भट्टी एकदा बांधली की कचरा कमी होणे हाच तिला तोटा वाटू लागतो, आणि तोटा भरून काढण्यासाठी तिच्या विस्ताराची मागणी पुढे येते.

शिवाय जाळले म्हणजे नाहीसे झाले, हाही एक भ्रमच. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. परंतु शाळेत शिकवीत असता विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास आमच्या गळ्यात पडे, आणि द्रव्य नष्ट होत नाही हे वाक्य आम्ही फळ्यावर कितीदा तरी लिहिले आहे. कचऱ्याच्या वजनाचा सुमारे चौथा-पाचवा हिस्सा राख होऊन उरतो. धुरातून गाळून काढलेल्या बारीक राखेत तर जड धातू आणि डायॉक्सिनसारखी विषे असतात. ती जपून पुरावी लागते. ती कोठे पुरणार? २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूच्या बागांशेजारी?

डहाणूकरांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि तो त्यांनी लढून मिळविला आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला आणि त्याभोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा आखला. तलासरी तर लगतचाच तालुका. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. औष्णिक केंद्राच्या धुरातील गंधकवायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश त्याने १९९९ मध्ये दिला. ती प्रत्यक्ष चालू होण्यास २००७ साल उजाडले. न्यायालयाचे पाठबळ असलेल्या संस्थेलाही आठ वर्षे लागतात, तर एखाद्या नगरपंचायतीने भट्टीच्या ठेकेदाराकडून धूर गाळण्याचे वचन कसे पाळून घ्यावे? याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये वाढवणला सशर्त परवानगी दिली, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच आता त्या अटींत कचऱ्याचाही बंदोबस्त काटेकोरपणे पाहिला जावा, अशी आमची मागणी आहे.

मग कचऱ्याचे करावयाचे काय? उत्तर आपल्याच घरी आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या निसर्गऋण पद्धतीत ओला कचरा कुजवून जळाऊ वायू आणि खत मिळते. माथेरान हेही २००३ पासून संवेदनशील क्षेत्र; तेथे या पद्धतीचे संयंत्र उभारण्यात आले. डहाणूच्या बाजारातील सडकी फळे, मासळीबाजारातील टाकाऊ माल, हॉटेलांतील खरकटे हे सारे अशा संयंत्राचे खाद्य होय. वायू एखाद्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरास किंवा चिकूच्या फोडी वाळविणाऱ्या उद्योगास देता येईल, आणि खत बागांना जाईल. येथे उष्णतेला गिऱ्हाईक आहे, फक्त ते छोटे आहे आणि जवळ आहे. काम मात्र किचकट आहे: ओल्या कचऱ्यात एक प्लास्टिकची पिशवी गेली तरी संयंत्र कुरकुरते, आणि नीट देखभालीवाचून अशी संयंत्रे बंद पडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

डहाणू नगरपरिषद आणि तलासरी नगरपंचायत यांनी एकत्र बसून बंदराच्या वसाहती उभ्या राहण्यापूर्वीच दोन गोष्टी ठराव करून जाहीर कराव्यात. घराघरांतून ओला व सुका कचरा वेगळा घेतला जाईल, आणि तालुक्याबाहेरचा कचरा जाळण्यासाठी वा टाकण्यासाठी घेतला जाणार नाही. पहिल्या ठरावाची झीज तेथील नागरिकांनी सोसावयाची आहे. दुसऱ्याची झीज आमच्या मुंबईने सोसावी. देवनारला १९२७ पासून साठत आलेला डोंगर हलविण्याची घाई होईल तेव्हा मालमोटारींची तोंडे उत्तरेकडे वळणार नाहीत, एवढे महापालिकेने आजच सांगून टाकावे.