वाडा राहता ठेवायचा तर

हडपसरला आषाढात वारीची वाट दुभंगते. गाडीतळावरून ज्ञानोबांची पालखी उजवीकडे वळून दिवे घाट चढते आणि सासवडला मुक्कामी जाते. तुकोबांची सोलापूर रस्त्याने सरळ लोणी काळभोरला. या दोन्ही रस्त्यांवरच्या गावठाणांत शिरलात, तर एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसेल : खाली घडीव काळ्या दगडाचे कमरेइतके जोते आणि वर सिमेंटचा तीन मजली सांगाडा, दर्शनी भागाला चकचकीत टाइल. वाडा गेला, जोते राहिले. ते राहिले तेही आस्थेमुळे नव्हे. फोडायला परवडले नाही म्हणून.

जुने घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरदारांचे वाडे येतात. १८०२ च्या ऐन दिवाळीत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला तो याच हडपसरजवळ, त्यामुळे इथल्या मातीलाही तो इतिहास चिकटलेला आहेच. पण या पट्ट्यातले नेहमीचे घर शेतकऱ्याचे. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले, मुठा उजव्या कालव्याचे पाणी पुण्याच्या पूर्वेला पोहोचले आणि जिराईत शिवारात बागायत आली. पुणे शहराला भाजी पुरवणारा हा पट्टा. इथल्या घराची मांडणी शेतीच्या कामावर ठरलेली असे : दिंडी दरवाजा, देवडी, बैलगाडी वळेल एवढा चौक, एका अंगाला गोठा, समोर सोपा, आत माजघर आणि देवघर, मागे परसू नि आड. धान्यासाठी बळद. आज गोठ्यात बैल नाहीत, बळदात धान्य नाही, आणि सोळा माणसांच्या घरात चौघे राहतात, त्यांतले दोघे दिवसभर लॅपटॉपसमोर. अशा कुटुंबाने त्या घरात राहायचे कसे, हा या लेखाचा विषय.

वाडा म्हातारा झाला म्हणून पडतो, असे समजले जाते. मला ते पटत नाही. वाड्याचा सांगाडा लाकडी असतो : दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. सांधे एकमेकांत खाचेने बसवलेले, त्यामुळे एखादा सडलेला खांब शेजारचे न हलवता टेकू देऊन बदलता येतो. आतल्या बऱ्याच भिंती नुसत्या आडोशाच्या असतात, वजन सांगाडा पेलतो. म्हणजे चार अंधाऱ्या खोल्यांची एक उजेडाची खोली करण्याची सोय बांधणाऱ्यानेच करून ठेवली आहे. (कोणती भिंत आडोशाची आणि कोणती भाराची, हे मात्र जाणत्याकडून तपासून घ्यावे, हातोडा उचलण्याआधी.)

मग घर पडते कशाने? पाण्याने, आणि बहुतेकदा ते पाणी आपणच आत कोंडलेले असते. मातीच्या नाहीतर चुन्याच्या दर्जात बांधलेली जाड भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते. लोणा धरला, पोपडे निघू लागले की मालक गवंड्याला बोलावतो आणि गवंडी सिमेंटचा गिलावा मारून देतो. पहिली दोन वर्षे भिंत देखणी दिसते. आत मात्र ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती भिंतीत गाडलेल्या खांबापर्यंत आणि तुळईच्या टोकापर्यंत जाते. लाकूड नेमके तिथेच सडते, जिथे कुणाला दिसत नाही, आणि वाळवीला ओले लाकूड आयते मिळते. एका पावसाळ्यात तुळई खचते आणि सगळे म्हणतात, लाकडी घर, होणारच. सिमेंट वाईट नाही. सिमेंट या भिंतीचे नाही, एवढेच.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात वरून आणि खालून करावी, मधून नव्हे. आधी छप्पर आणि पन्हळ, मग जोत्याभोवतालच्या पाण्याचा निचरा. अंगणात फरशी घालून उंची वाढवलेली असते आणि पाणी भिंतीकडे उतरत असते. तो उतार उलटा केला की निम्मी ओल हटते. त्यानंतर सिमेंट खरवडून चुना. पूर्वी चुना घाणीत बैल जुंपून मळत, सुर्खी घालत, हिरडा नि गूळही घालत. आज घाणी शोधत बसण्याची गरज नाही, पण चुना पाण्यात नीट मुरवायला आणि गिलावा सावकाश सुकायला जो वेळ लागतो त्यात घाई चालत नाही. गृहप्रवेशाचा मुहूर्त आधी काढून काम सुरू करणाऱ्यांनी फ्लॅटच घ्यावा.

संडास-न्हाणी हा खरा कसोटीचा मुद्दा. वरच्या मजल्यावर, कडीपाटावर, पलंगाला लागून न्हाणीघर हवे असा आग्रह घरोघरी असतो. एक गळका सांधा आणि खालची तुळई गेली. त्यापेक्षा गोठ्याची जागा घ्या. ती जमिनीवर असते, बाहेरच्या अंगाला असते, तिच्या भिंती नव्याने बांधल्या तरी वाड्याचा सांगाडा अबाधित राहतो. नळ, गटार, धुलाई यंत्र, पाण्याची टाकी, सगळे तिकडे. म्हाताऱ्या माणसांसाठी तळमजल्यावरच झोपायची खोली करता येते. बळदाची जागा कपाटाला चांगली. विजेच्या तारा भिंत फोडून आत गाडू नयेत, उघड्या नळीतून न्याव्यात.

जुन्या घरातले सगळेच जपावे, असे मी म्हणणार नाही. माजघरातला काळोख आणि बाळंतिणीची बिनखिडकीची खोली जपण्यासारखी नाही. त्या घरात उजेडाचा सोपा पुरुषांचा होता आणि धुराची बाजू बायकांची. स्वयंपाकघर चौकाकडे उघडले, मागच्या भिंतीला खिडकी पाडली, तर वारशाचे नुकसान होत नाही.

आसपास काय झाले आहे? विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, पुढे सरकारी आणि पालिकेची कार्यालये. त्याच्या जतनाचे काम महत्त्वाचे आहे, पण तिथे कुणी राहत नाही. हडपसरहून दिवे घाट चढून गेल्यावर जाधववाडीला पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी आहे. तिचे हॉटेल झाले, आत ‘आई’ नावाचे संग्रहालयही आहे. तिथे तट वाचले, बुरूज वाचले. पण पाहुण्यांच्या सोयीचा हिशेब वेगळा असतो, त्यात पोहण्याचा तलाव बसतो आणि वाळवणाची जागा बसत नाही. मला जवळचे वाटते ते वाईजवळचे मेणवली. कृष्णेच्या घाटावरचा नाना फडणविसांचा वाडा त्यांच्या वंशजांनी सांभाळला आहे. इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, तिचाही भर भव्य पुनर्बांधणीवर नव्हता. रोजच्या किरकोळ डागडुजीवर होता. ती डागडुजी राहता माणूसच करतो. पहिल्या पावसात कुठे ठिपकते, हे त्यालाच कळते.

पण राहायचे कुणी? इथे गाडी अडते. सातबारा वेगळा, गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका वेगळी, आणि तिच्यावर आजोबांनंतरची सगळी नावे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, ते न्याय्यच झाले. एकूण सह्या मात्र वाढल्या. शेत वाटता येते; चौक चौघांत वाटला की त्यात भिंती येतात आणि वाडा तिथेच संपतो. म्हणून बिल्डरला देणे ही भावंडांतली सर्वात सोपी तडजोड ठरते.

यावरचा उपाय हडपसरकरांना परका नाही. मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे ४०० एकर जमीन विकण्याऐवजी एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे समभाग घेतले आणि २००० च्या सुमारास नगर उभारायला घेतले. जमिनीचे तुकडे न पाडता हिस्सा देता येतो, हे त्यांनी करून दाखवले. तीच रीत एका वाड्याला लावता येईल : मिळकत कुटुंबाच्या कंपनीची वा न्यासाची, प्रत्येकाचा हिस्सा कागदावर, राहणाऱ्या भावाने वा बहिणीने भाडे भरायचे, त्यातला ठरलेला भाग दरवर्षी छपरावर आणि चुन्यावर, उरलेला वाटून, गणपतीला चौक सगळ्यांचा. एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याचा हिस्सा आधी घरातल्यांनी विकत घ्यायचा. वकिलाच्या दृष्टीने यात अवघड फार नाही.

अवघड आहे ती वेळ. हडपसर गावठाणात भाव इतके चढले आहेत की हिस्सा विकत घेणे पगारदार भावंडाच्या आवाक्यात उरलेले नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेत जाऊन पुन्हा बाहेर आली, त्यांची आता स्वतंत्र नगरपरिषद आहे. पालखी महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम दिवे घाटात पोहोचले आहे आणि घाटापलीकडे पुरंदरच्या विमानतळाची बोलणी चालू आहेत. त्या बाजूच्या गावांतल्या भावंडांनी हे बोलणे काढायचे, तर ते भाव चढायच्या आत काढावे लागेल.