स्टिरॉइड आधी की असमाधान आधी?

अंजूर-भिवंडी पट्ट्यात गोदामांच्या मधे-मधे जिम दिसतात, आणि सीझनला कुठल्या ना कुठल्या 'श्री' स्पर्धेचा बॅनर लागलेला असतो. इथल्या विद्यार्थ्याला 'स्पर्धक बॉडीबिल्डरांमधील स्टिरॉइडचा वापर आणि शरीराविषयीचं समाधान' हा विषय सुचणं साहजिकच. विषय चांगला आहे. पण प्रश्नावली वाटली, सहसंबंध काढला, झालं काम, असं समजू नका.

1993 मध्ये अमेरिकेतल्या हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 108 पुरुष बॉडीबिल्डरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्टिरॉइड घेणारेही होते आणि न घेणारेही. त्यांतले 9 जण, म्हणजे 8.3 टक्के, चांगले दणकट असूनही स्वतःला किरकोळ आणि अशक्त समजत होते. पुढे 1997 मध्ये याला 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव मिळालं.

आता बाण कुठल्या दिशेचा? शरीर आवडत नाही म्हणून इंजेक्शन सुरू झालं, की इंजेक्शनमुळे असमाधान वाढलं? दुसरी वाटही खरी आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश बंद पडतो. कोर्स थांबवला की शरीराचं स्वतःचं उत्पादन लगेच सुरू होत नाही. स्नायू उतरतात, मनही खचतं, आणि आरशातला माणूस आणखी बारीक वाटतो. मग पुढचा कोर्स. एकाच दिवशी भरलेल्या प्रश्नावलीतून हे चक्र दिसणार नाही. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारावं लागेल.

तेही कधी विचारता ते महत्त्वाचं. स्पर्धेच्या आठवड्यात चरबी किमान असते, कट्स दिसतात. ऑफ-सीझनला तोच माणूस काही किलोंनी जड असतो. दोघांना एकाच रकान्यात टाकलंत तर तुम्ही स्टिरॉइड नाही, कॅलेंडर मोजताय!

शब्दांचंही तसंच. 'तुम्ही स्टिरॉइड घेता का?' असं छापलंत तर दम्याचा पंप वापरणाराही 'हो' म्हणेल, कारण त्यातही बऱ्याचदा स्टिरॉइडच असतं, फक्त वेगळ्या जातीचं. आणि ज्याला विचारायचंय तो मात्र त्याला 'कोर्स' किंवा 'सायकल' म्हणतो. प्रश्नावलीचं मराठी करताना ते उलट इंग्रजीत करून तपासणं हवंच, पण आधी जिममधल्या चार जणांसमोर मोठ्याने वाचून बघा.

सगळ्यात नाजूक भाग गोपनीयतेचा. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, आणि चाचणीत सापडला तर खेळाडूवर बंदी येते. प्रबंधात तुम्ही नाव गाळलंत, पण 'वय 26, 75 किलो गट, अंजूर' असं लिहिलंत, तर गावात तो कोण हे कळायला दोन मिनिटं पुरतात. वजनगट आणि गाव एकत्र छापू नका. वय पाच-पाच वर्षांच्या टप्प्यात द्या, गावाऐवजी जिल्हा लिहा. आणि एथिक्स समितीकडे अर्ज करतानाच हे सगळं लिहून द्या, डेटा गोळा झाल्यावर नाही.