निगेटिव्हसाठी स्कॅनर निवडताना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने हादरला. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. जुने वाडे, चावडी, पार आता पाहायचे कुठे? घराघरांतले फोटो ढिगाऱ्याखाली गेले. पण लातूर, औसा, उमरग्याच्या जुन्या स्टुडिओंत लग्नाच्या, शाळेच्या ग्रुप फोटोंच्या निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटांत अजून पडून असतील. नांदेडचेही तसेच. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याआधी रस्ते रुंद झाले आणि जुन्या गल्ल्यांचा चेहरा बदलला. तो चेहराही कुठल्यातरी डब्यात गुंडाळलेला असेल.

आमच्यासारख्या घरांत तर पूर्वी फोटो काढायचाच नाही, असा रिवाज. कित्येक दादी-नानींचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, तो हजच्या अर्जासाठी. अशा फोटोची निगेटिव्ह हाती लागली, तर ती संगणकात नीट उतरवायला नको का?

म्हणूनच स्टुडिओवाले मित्र विचारतात, ‘स्कॅनर कोणता घ्यावा?’ मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. पण फोटोंच्या नादापायी जे समजले, ते सांगतो.

आधी फिल्म ओळखा. स्टुडिओतला जुना माल बहुधा १२० च्या रोलचा. त्याची रुंदी सुमारे ६१ मिलिमीटर. घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक थ्रीतही हाच रोल पडायचा आणि त्यावर १२ चौकोनी फोटो निघायचे. पॅनोरमा कॅमेऱ्यात याच रोलवर १७ सेंटिमीटरपर्यंत लांब चित्र येते. लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणारे रस्ते किंवा गोदावरीचा घाट एका नजरेत घ्यायचा, तर असाच कॅमेरा हवा.

आता स्कॅनर. झेरॉक्सच्या दुकानातला साधा स्कॅनर इथे चालत नाही. तो कागदावर खालून उजेड टाकतो. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो, म्हणून झाकणातही दिवा हवा. तो दिवा केवढी जागा उजळतो, हे दुकानात झाकण उघडूनच पाहा. काही यंत्रांत ३५ मिलिमीटरच्या फिल्मपुरतीच चिंचोळी पट्टी असते. १२० साठी ती निदान ७ सेंटिमीटर रुंद हवी, पॅनोरमासाठी १७ सेंटिमीटरहून लांब हवी. फिल्म धरायची चौकटही त्या मापाची मिळते का, तेही विचारा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेले असते. मुशायऱ्यात आवाज मोठा म्हणून शेर मोठा होत नाही, तसेच हे आहे. यंत्र तेवढे ठिपके मोजते खरे. पण त्याच्या भिंगाला तितका बारकावा दिसतोच असे नाही. घरगुती सपाट स्कॅनरमधून खरा तपशील साधारण दोन हजारांच्या आसपासच मिळतो. तो आपल्याला पुरतो. चौकोनी निगेटिव्हची बाजू ५६ मिलिमीटर, म्हणजे २.२ इंच. २४०० ने स्कॅन केली तर एका बाजूला सुमारे ५,३०० ठिपके येतात आणि १७ इंचांचा स्वच्छ प्रिंट निघतो. मोठ्या निगेटिव्हचा फायदा तो हाच.

धूळ-ओरखडे आपोआप पुसण्याच्या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्याआधी थांबा. ती सोय इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत निगेटिव्हवर तिचा उपयोग होतो. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र ते किरण अडवते, मग यंत्राला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही. तिथे हवेचा फुगा आणि मऊ ब्रश हेच खरे. बुरशी दिसली तर पाण्याने धुऊ नका; बुरशीने जिलेटिन विरघळू लागलेले असते, चित्रच वाहून जाईल.

खास फिल्म स्कॅनर अधिक बारकाईने काम करतात. निकॉनचा कूलस्कॅन ९००० नावाजलेला. पण त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आणि तो ९ सेंटिमीटरपर्यंतचेच चित्र घेतो. लांब पॅनोरमा तुकड्यातुकड्याने स्कॅन करून जोडावा लागेल. जुने यंत्र घ्यायचे, तर आपल्या संगणकाला जोडता येईल का आणि दुरुस्त कोण करील, हे आधी पाहावे.

तिसरा मार्गही आहे. चांगला डिजिटल कॅमेरा आणि जवळचे टिपणारी मॅक्रो लेन्स असेल, तर निगेटिव्ह उजेडाच्या पाटीवर ठेवून वरून फोटो घ्यावा. हजारो निगेटिव्ह असतील तर हे सर्वांत झटपट. फक्त कॅमेरा फिल्मला अगदी समांतर हवा आणि पाटीचा उजेड सगळीकडे सारखा हवा.

थोडक्यात, दोन-चारशे निगेटिव्ह आणि काही पॅनोरमा असतील तर झाकणात रुंद दिवा असलेला सपाट स्कॅनर पुरे. पोती भरून असतील तर कॅमेरा. फाइल टिफमध्ये १६ बिटला ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. गावाचे आणि माणसांचे नाव ठाऊक असेल तर लगेच लिहा.

आणि स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकू नका. एखाद्या डब्याला शिरक्याचा आंबूस वास येत असेल, तर ती फिल्म आतून सडू लागली आहे असे समजा. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा काढा आणि कामाला त्याच्यापासूनच सुरुवात करा. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल. ती फिल्म तोवर थांबेलच असे नाही.