विजेवरची मोटार घ्यावी की छोटा टेम्पो?

चऱ्होली बुद्रुक हे इंद्रायणीकाठचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आता जिथे शेते होती तिथे इमारती आहेत आणि इमारतींच्या खाली दुकाने. कापड, रेडिमेड, गाद्या, बेकरी, फर्निचर, फॅब्रिकेशन असे धंदे इथे वाढले. या धंद्यांतल्या पुष्कळ बांधवांपुढे सध्या एकच प्रश्न आहे. भिशी लागली, थोडी बचत आहे, सात-आठ लाखांची सोय होते. पेट्रोल-डिझेलचा खर्च नको, म्हणून विजेवरची गाडी घ्यायची. पण घरच्यांसाठी मोटार घ्यावी की दुकानासाठी छोटा टेम्पो? ज्यांना दोन्ही एकदम परवडतात त्यांच्यासाठी हा लेख नाही.

'टेम्पो' हा शब्द आपल्याच पट्ट्याने रूढ केला. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोचा उद्योग १९५८ साली सुरू झाला, पुढे आकुर्डीला त्याचा कारखाना आला आणि मालाची कोणतीही छोटी गाडी टेम्पो झाली. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले तरी लोकांच्या तोंडचा टेम्पो गेला नाही. त्याच वर्षी टाटांची एस बाजारात आली. तिला लोकांनी छोटा हत्ती म्हटले आणि गल्लीबोळातल्या व्यापाऱ्याला चार चाकांची मालगाडी मिळाली.

आता विजेवरचा माल पाहू. टाटांची टियागो सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांपासून आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची सुरुवातीची किंमत ७.९९ लाखांवर उतरली. लहान बॅटरी १९.२ युनिटची, मोठी २४ युनिटची. एमजीची कॉमेट एप्रिल २०२३ मध्ये ७.९८ लाखांना आली, बॅटरी १७.३ युनिटची. सप्टेंबर २०२४ मध्ये तिची दुसरी योजना निघाली: गाडी ४.९९ लाखांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला अडीच रुपये. टेम्पोच्या बाजूला टाटा एस ईव्ही २०२२ साली दाखवली गेली, ६०० किलो मालाची. महिंद्रची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये ७.५२ लाखांपासून आली. जून २०२५ मध्ये टाटांनी एस प्रो आणली. विजेवरची साडेसहा लाखांना, माल ७५० किलो, बॅटरी १४.४ युनिटची. या सगळ्या शोरूमच्या त्या त्या वेळच्या किमती आहेत, खरेदीच्या दिवशीची किंमत विचारूनच घ्यावी. महिंद्रच्या मोठ्या विजेवरच्या मोटारी आपल्या चाकणलाच तयार होतात, पण त्या आपल्या खिशाच्या नाहीत.

किंमत जवळजवळ सारखी, मग मोटारच घ्यावी, मागचे सीट पाडून माल भरावा आणि रविवारी मुलाबाळांना फिरवावे, असा विचार बहुतेकांच्या मनात येतो. इथेच थांबून विम्याचा कागद वाचावा. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते. भाड्याने चालवणे चालत नाही आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून मालाची वाहतूकही चालत नाही. दुकानाचा माल भरलेला असताना अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला जागा मिळते. उलट बाजूही आहे. मालगाडीच्या हौद्यात कुटुंबाला बसवून लग्नाला नेणे बेकायदा आहे आणि त्या माणसांना विम्याचे संरक्षण नाही. चालकाशेजारी बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मात्र कायद्याने संरक्षित आहे. एका गाडीत दोन्ही कामे भागवण्याची इच्छा कागदावर टिकत नाही.

जीएसटीचेही असेच आहे. विजेच्या गाडीवर कर पाच टक्के, मोटार असो वा टेम्पो. पण मोटारीवर भरलेला कर धंद्याच्या हिशेबात वजा मिळत नाही. मालगाडीवरचा मिळतो, म्हणजे साडेसहा लाखांच्या गाडीवर तीस हजारांच्या आसपास. जे कंपोझिशनमध्ये आहेत त्यांना हा फायदा नाही. टेम्पोला दुसरा जाच आहे: पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस. मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची. लायसन्सची काळजी नको. हलक्या मोटारीच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालगाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

खरा निकाल फेऱ्यांवर लागतो. समजा, भाड्याचा टेम्पो एका फेरीला ७०० रुपये घेतो. महिन्याला दहा फेऱ्या असतील तर ७,००० झाले. स्वतःचा साडेसहा लाखांचा टेम्पो सात वर्षांत वसूल करायचा आणि शेवटी त्याची किंमत शून्य धरायची, तर महिना ७,७५० गेले. विमा, फिटनेस, टायर यांचे अडीच हजार धरा. वीज दुकानाच्या मीटरवरून पंधरा रुपये युनिटने घेतली आणि भर मालाने एका चार्जिंगला १०० किलोमीटर मिळाले, तर किलोमीटरला अडीच रुपये पुरतात. फेरी ४० किलोमीटरची धरली तर दहा फेऱ्यांचे हजार रुपये. एकूण ११,२५०. म्हणजे दहा फेऱ्यांच्या दुकानदाराने टेम्पो घेऊ नये, भाड्याचाच बोलवावा. वीस फेऱ्यांना भाडे १४,००० आणि स्वतःचा खर्च १२,२५०, म्हणजे कसेबसे जमते. तीस फेऱ्यांना २१,००० विरुद्ध १३,२५०. मग गाडी कमावू लागते. पण ड्रायव्हर पगारावर ठेवला की हा सगळा फायदा त्याच्या पगारात जातो. मालक, भाऊ किंवा दुकानातला नोकर स्वतः चालवणार असेल तरच हा हिशेब खरा. आपले आकडे आपण घालावेत. मी महिनाभर वहीत प्रत्येक फेरी लिहून काढायला सांगतो, कारण तोंडी विचारले की प्रत्येक जण फेऱ्या जास्त सांगतो.

अंतराची भीती आपल्या धंद्यात फारशी खरी नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा माल ट्रान्सपोर्टनेच येतो. आपली गाडी रविवार पेठ, भोसरी, पिंपरी कॅम्प, चाकण एवढ्यातच फिरते. स्वतः भिवंडीला जायचे तर एका बाजूचे अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात, वर परतीचा घाट चढायचा. तिथे छोट्या टेम्पोचा उपयोग नाही. चाकणच्या कोंडीत तासभर उभे राहिले तर डिझेल जळते, विजेची गाडी जवळजवळ काहीच खात नाही. आळंदीच्या यात्रांच्या दिवसांत रस्ते बंद असतात, तेव्हा दोन्ही गाड्या घरीच.

माल कसला, तेही पाहावे. शंभर मीटर शर्टिंगचा तागा पंधरा-अठरा किलोंचा असतो. पंचवीस तागे म्हणजे साडेचारशे किलो, टेम्पोला हलके. अठ्ठावन्न इंची रोल लहान मोटारीत आडवा मावतच नाही. गादीवाल्याला आणि फर्निचरवाल्याला मोटारीचा प्रश्नच येत नाही. पण कपड्याला उघडा हौदा चालणार नाही. पावसाळ्यात एक तागा भिजला की गिऱ्हाईक पूर्ण गठाण परत पाठवते, म्हणून बंद बॉडीचा खर्च आधीच किमतीत धरावा. शिंपी, एसी दुरुस्तीवाला, इलेक्ट्रिशियन यांची अवजारे मात्र थोडी असतात. त्यांचे काम अजून दुचाकीवर भागते. त्यांनी पैसा घरच्या मोटारीत घातला तर मी नावे ठेवणार नाही. आजारी आईला दवाखान्यात न्यायला टेम्पो कामाचा नाही.

चार्जिंगची जागा आधी ठरवावी. रात्री घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर १९-२० युनिटच्या बॅटरीला सहा-सात तास लागतात. भाड्याच्या गाळ्यात मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि सोसायटीत स्वतःच्या मीटरवरून वेगळी तार ओढून घ्यावी. रस्त्यावरच्या चार्जरवर रोज अवलंबून राहिले तर वरचा अडीच रुपयांचा आकडा विसरावा.

व्याजाच्या हप्त्यावर गाडी न घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी रोखीने घ्यावी, पण नोटांनी नव्हे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम विक्रेत्याला एका व्यवहारात नोटांनी घेता येत नाही, त्यामुळे चेकनेच द्यावी. बॅटरी भाड्याच्या योजनेतही कागद नीट वाचावा. गाडी कमी फिरली तरी दरमहा ठरावीक किलोमीटरचे भाडे द्यावे लागते का, आणि बॅटरीमागे कोणती वित्त कंपनी आहे, हे आधी विचारावे.

महाराष्ट्र शासनाने २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. मालगाड्या त्या सवलतीत नाहीत. थर्ड पार्टी विम्यात मात्र २०२२ साली दोघांनाही पंधरा टक्के सूट मिळाली.

टेम्पोकडे मन झुकले असेल तर शोरूममध्ये रिकामी गाडी फिरवून परत येऊ नये. विक्रेत्याला दुकानापाशी गाडी आणायला लावावी, स्वतःचे तागे भरावेत, चाकणपर्यंत जाऊन यावे आणि किती टक्के बॅटरी उरली ते वहीत लिहावे.