थट्टेचा अधिकार

तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील दोंडाईचा हे गाव लाल मिरचीच्या व्यापाराकरिता खान्देशात ख्यातनाम आहे; आणि हंगामात तेथील बाजाराच्या आवारात, जेथे शेतकरी, हमाल, अडते व खरेदीदार यांची सकाळपासून वर्दळ असते, तेथे थोडा वेळ कान देऊन उभे राहिले, तर हसू हे विनोदाचेच फळ होय हा आपला पक्का समज डळमळू लागतो. ‘काय आबा, कव्हय उनात?’ (कधी आलात?) एवढ्या साध्या पृच्छेवर दोन्ही माणसे हसतात, आणि त्या वाक्यात विनोद म्हणावा असे काहीही नसते. अमेरिकेतील मेरिलँडचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी सार्वजनिक ठिकाणी नैसर्गिकपणे उमटलेल्या सुमारे 1200 हास्यप्रसंगांची नोंद केली, तेव्हा त्यांपैकी जेमतेम 10 ते 20 टक्के प्रसंगांतच हास्याच्या आधी विनोदासारखे काही बोलले गेले होते असे आढळले; शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच अधिक हसतो, आणि एकटा असताना मनुष्य जितका हसतो त्याच्या सुमारे 30 पट तो इतरांच्या सहवासात हसतो, हेही त्यांनी दाखविले. तात्पर्य, दैनंदिन व्यवहारातील हास्य ही प्रायः परस्परांना दिलेली सलोख्याची ग्वाही असते. ज्याला चुटके सांगता येत नाहीत त्याने आपल्याला विनोदाचे अंग नाही म्हणून कष्टी होण्याचे कारण नाही.

हास्य हे उथळ वृत्तीचे लक्षण आहे, या समजाचा फार विचार करण्याची गरज नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याला रसाचे स्थान देऊन स्मितापासून अतिहसितापर्यंत त्याचे सहा भेद सांगितले, आणि राजकारणात हयात घालविलेल्या न. चिं. केळकरांना ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहिण्यासाठी सवड काढावीशी वाटली, एवढे दाखले पुरेसे आहेत.

परंतु जो गैरसमज मला खरोखर अस्वस्थ करतो तो आपल्या लग्नघरांविषयीचा आहे. वधूपक्षाच्या स्त्रियांनी पंगतीत विहिणीची व तिच्या सगळ्या गोतावळ्याची यथेच्छ उणीदुणी काढणारी गाणी म्हणावीत, करवल्यांनी नवरदेवाचे जोडे लपवावेत, वधूच्या भावाने त्याचा कान पिळून मानाची वस्तू वसूल करावी, हा सारा प्रकार शिकलेल्या मंडळींना अडाणीपणाचा वाटतो, आणि कार्यालयांतील आखीव समारंभांतून तो हळूहळू हद्दपार होत आहे. वस्तुस्थिती अशी की, मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 साली अशाच चालींचा विचार करताना असे मत मांडले की, विवाहाने दोन परकी कुळे एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात ओढ आणि ताण ही दोन्ही एकाच वेळी उत्पन्न होतात. हा ताण काही नात्यांत कडक मर्यादा पाळून आवरला जातो आणि काही नात्यांत थट्टेची मोकळीक देऊन, जिच्याबद्दल राग धरण्याची मुभा कोणालाच नसते. आपल्याकडे हा दस्तूर तंतोतंत दिसतो: जी सून सासऱ्यासमोर व थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तीच धाकट्या दिराची टर उडविते, आणि घरातील एकाही वडीलधाऱ्याला त्यात गैर वाटत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासरच्या जाचाची गाणी म्हणतात, तेही याच जातीचे आहे. जी फिर्याद उघड बोलण्याची सोय नाही, ती गाण्याच्या व हसण्याच्या आश्रयाने चारचौघींत दाखल होते.

मात्र येथूनच दुसरा, अधिक घातक समज उगवतो: थट्टा म्हटली की सर्व क्षम्य, आणि जो दुखावला त्याचाच स्वभाव कोता. लग्नातील थट्टेला काळ, वेळ, नाते आणि उलट टोला हाणण्याचा हक्क यांच्या हद्दी असतात. वरपक्षही गप्प बसत नाही. ज्या घरात नवरा बायकोच्या रंगावरून, तिच्या माहेरच्या गरिबीवरून किंवा तिच्या स्वयंपाकावरून पाहुण्यांदेखत रोज विनोद करतो आणि तिला उत्तर देण्याची सोय नसते, तेथे यांपैकी एकही हद्द उरलेली नसते. दांपत्यांच्या संभाषणांचे अनेक वर्षे निरीक्षण केलेल्या जॉन गॉटमन यांनी विवाह मोडण्याच्या पूर्वचिन्हांत तुच्छतेला अग्रस्थान दिले आहे, आणि उपहास व टोमणे ही त्यांच्या मते तुच्छतेचीच रूपे होत. उलट भांडण चिघळत असता वेळेवर केलेली एखादी हलकी थट्टा ते निवळविते, असेही त्यांनी नोंदविले आहे. म्हणजे तोच विनोद एके ठिकाणी मलम व दुसऱ्या ठिकाणी जखम ठरतो, आणि फरक शब्दांत नसून जोडीदाराविषयीच्या आदरात असतो.

हास्याने रोग बरे होतात, या लोकप्रिय समजाविषयी इतकेच सांगितले पाहिजे की, एकत्र हसल्यानंतर वेदना सोसण्याची शक्ती काही काळ वाढते असे रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत दिसून आले. परंतु तेवढ्यावरून औषधाला सुट्टी देता येत नाही. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली मुंबईच्या एका उद्यानात पाच माणसांनिशी सुरू केलेला हास्ययोग जगभर पसरला, याचे श्रेय मी तरी एकत्र हसण्यातल्या सोबतीलाही देईन.

शेवटचा गैरसमज आम्हा खान्देशकरांना सर्वांत जवळून झोंबणारा आहे. अहिराणी म्हणजे हसविण्यापुरती बोली, असे समजून रंगभूमीवर गावंढळ पात्राच्या तोंडी ती घातली जाते, आणि शाळेत एखाद्या मुलाच्या तोंडून ‘मला’ऐवजी ‘माले’ निघाले की वर्ग हसतो. वस्तुतः ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खान्देशीची, जिच्यात अहिराणी मोडते, स्वतंत्र नोंद आहे. 2011 च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या 18 लाखांहून अधिक भरली. याच भाषेत आमच्याकडे शोकही होतो, व्यापारही ठरतो, आणि विहिणीची थट्टाही होते. त्या वर्गातील मुलाला उलट हसण्याचा हक्क कोणी दिलेला नसतो, आणि म्हणून तेथे वडीलकीच्या नात्याने जो मध्ये पडू शकतो तो शिक्षकच होय; त्याने त्या मुलालाच अहिराणीतील एखादी गोष्ट पूर्ण सांगू द्यावी, आणि वर्गाने ती मन लावून ऐकावी याची जबाबदारी घ्यावी.