नुसते मटण खाऊन माणूस जगतो का?

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक नवाच प्रश्न दिसू लागला आहे. एका वाचकांनी लिहिले आहे, ‘माझा मुलगा २६ वर्षांचा. मोबाईलवर कोणाचे तरी ऐकून त्याने भाकरी, भात, डाळ, भाजी, फळे सर्व बंद केले. दोन महिने फक्त मटण, कोंबडी, अंडी आणि तूप खातो. वजन सात किलो उतरले. तो म्हणतो, एस्किमो लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच जगले. हे खरे आहे काय? आणि यात धोका आहे काय?’

आरंभीच सांगतो, मी स्वतः मांसाहारी आहे आणि रविवारच्या रश्श्याला नाही म्हणणारा नाही. तेव्हा हा लेख शाकाहाराच्या प्रचारासाठी नाही. मांस हे उत्तम अन्न आहे. त्यात चांगल्या प्रतीची प्रथिने आहेत, अंगी लागणारे लोह आहे आणि शाकाहारी मंडळींना ज्याची इंजेक्शने घ्यावी लागतात ते ब-१२ जीवनसत्त्वही आहे. प्रश्न मांस खाण्याचा नसून मांसाशिवाय दुसरे काहीच न खाण्याचा आहे.

ज्यांना आपण शाळेच्या पुस्तकात एस्किमो म्हणून शिकलो ते लोक स्वतःला इन्युइट म्हणवतात. त्यांच्यात अनेक वर्षे राहिलेला विल्यमूर स्टेफान्सन नावाचा एक संशोधक होता. जन्म कॅनडात, १८७९ सालचा. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात तो महिनोन्‌महिने केवळ मांस-मासळीवर राहिला आणि ठणठणीत परतला. त्या काळच्या डॉक्टरांचा यावर विश्वास बसेना. तेव्हा १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्याने आणि मोहिमेतील त्याचा सहकारी कार्स्टन अँडरसन याने वर्षभर फक्त मांस खाऊन दाखवले. सुरुवातीचे दिवस रुग्णालयात पाहाऱ्याखाली, मग बाहेर राहून, पण तपासण्या चालूच. खर्चाचा भार अमेरिकेतील मांस व्यापाऱ्यांच्या संघटनेने उचलला होता हेही लक्षात ठेवावे. मात्र तपासणारे डॉक्टर नावाजलेले होते आणि त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

वर्षअखेरीस दोघेही धडधाकट होते. रक्तदाब वाढला नाही, मूत्रपिंडे बिघडली नाहीत. स्टेफान्सन पुढे १९६२ साली, वयाच्या ८२व्या वर्षी वारला. म्हणजे पत्रलेखकांच्या चिरंजीवांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. माणूस मांसावर जगू शकतो.

पण या प्रयोगातली एक गोष्ट मोबाईलवरचे उपदेशक सहसा सांगत नाहीत. सुरुवातीला डॉक्टरांनी मुद्दाम स्टेफान्सनला चरबी काढलेले, निव्वळ लाल मांस खायला दिले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्याला मळमळ आणि जुलाब सुरू झाले, अंगातले त्राण गेले. चरबीयुक्त मांस दिल्यावर तो सावरला. पुढे वर्षभर या दोघांच्या आहारात उष्मांकांचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून मोठा वाटा चरबीचा होता आणि प्रथिनांचा जेमतेम पाव. नाव मांसाहाराचे, पण खरे इंधन चरबीचे!

उत्तरेकडील शिकाऱ्यांना हे ठाऊक होते. उपासमारीच्या दिवसांत नुसत्या सशांवर राहिलेली माणसे पोटभर खाऊनही खंगत. सशाच्या अंगावर चरबी नसते. याचे कारण आपल्या यकृतात आहे. प्रथिने जाळली की त्यातून नायट्रोजन उरतो. यकृत त्याचा युरिया करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. पण यकृताच्या या कामाला मर्यादा आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी साधारण एकतृतीयांशाहून अधिक वाटा प्रथिनांचा झाला, की तब्येत तक्रार करू लागते.

आता आपल्या बाजारात या. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचे, आणि बोकडाच्या मांसात चरबी फारच कमी. किलोभर निव्वळ मांसात उष्मांक हजार-अकराशेच्या आसपास. तरुण, कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला २४०० उष्मांक हवेत, म्हणजे हाडे वगळून दोन किलोहून जास्त मटण लागेल. किलोचा भाव सातशेच्या वर गेलेला. हिशोब ज्याचा त्याने करावा. म्हणून ही मुले स्वस्त पडणाऱ्या कोंबडीकडे वळतात, आणि त्यातही व्यायामशाळेत सांगितलेले छातीचे, कातडी काढलेले मांस उकडून खातात. त्यावरच २४०० उष्मांक भरायचे तर शिजवलेले दीड किलो मांस लागते आणि त्यातून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातात. हा तर सशाचाच आहार झाला. पत्रातील मुलगा तूप खातो म्हणून निभावत असावा.

पूर्ण जनावर आणि निवडक मांस

इन्युइट लोक केवळ स्नायूचे मांस खात नसत. सीलची आणि व्हेलची चरबी, यकृत, मेंदू, मगज, मासे, व्हेलची कातडी, असे सर्व ते खात, आणि पुष्कळदा कच्चे. या कच्च्या कातडीत आणि यकृतात क जीवनसत्त्व असते. त्यामुळे हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही त्यांना झाला नाही. मिळतील तेव्हा रानबोरांसारखी फळे आणि समुद्रशेवाळही ते खात. आपल्याकडे मटण कुकरच्या पाच-सहा शिट्ट्यांशिवाय गळत नाही, आणि ते शिट्ट्यांवाचून खाऊही नये. पण त्या उष्णतेत मुळात थोडे असलेले क जीवनसत्त्व बहुतेक नष्ट होते. शिवाय कलेजी, वजडी, भेजा, पाया घरात आवडीने खाणारी पिढी आता म्हातारी झाली. तरुणांना बिनहाडांचे तुकडे हवेत.

कलेजी पौष्टिक खरी, पण तिचाही अतिरेक नको. ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाऊन माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. त्यात अ जीवनसत्त्व विषारी ठरेल इतके असते. बोकडाच्या कलेजीत तेवढे नाही, तरी १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या सुरक्षित मर्यादेच्या दुपटीहून अधिक असू शकते. रोज कलेजी खाणे म्हणूनच योग्य नाही. गर्भवतीला ‘रक्त वाढेल’ म्हणून कलेजी खाऊ घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, तेव्हा रक्तवाढीसाठी सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्याच बऱ्या.

दुसरे म्हणजे, इन्युइट लोकांची शरीरे या आहाराला पिढ्यान्‌पिढ्या सरावली होती. ग्रीनलंडमधील लोकांच्या जनुकांत स्निग्ध पदार्थांच्या पचनाशी संबंधित वेगळेपण असल्याचे २०१५ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. एवढे असूनही ते सर्व व्याधींतून मुक्त होते असे नाही. उत्तर अलास्कातील इन्युइटांची हाडे चाळिशीनंतर इतर अमेरिकनांपेक्षा १० ते १५ टक्के विरळ असल्याचे १९७४ साली आढळले. ग्रीनलंडमध्ये सापडलेल्या सोळाव्या शतकातील ममींचे अलीकडे स्कॅन केले, तर काहींच्या रक्तवाहिन्यांत चुना साचलेला दिसला. (हा निष्कर्ष २०१९ चा.) म्हणजे ‘एस्किमोला हृदयरोग नाही’ हे जे वाक्य आम्ही विद्यार्थी असताना ऐकत होतो, ते तितकेसे पक्के उरलेले नाही.

माझ्या दवाखान्यातून

हा आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन दोन-तीन किलोंनी उतरते आणि माणूस खूश होतो. ते बहुतांशी पाणी असते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर संपते, तिच्याबरोबर पाणी आणि मीठही लघवीवाटे जाते. म्हणून चक्कर, पायात गोळे, डोकेदुखी. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याला उठताना अंधारी येते. पुढे पुष्कळांचे वजन खरोखरीच उतरते, कारण भूक मंदावते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

एक तिशीतला मोटार मेकॅनिक पायाचा अंगठा सुजून, लाल होऊन आला. चादर लागली तरी ओरडत होता. युरिक ॲसिड वाढलेले. घराण्यात वाताचा हा विकार होताच, त्यात तीन महिने मटण-कलेजी आणि पाणी कमी. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात ज्यांना आधीच मुतखडा होऊन गेला आहे, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

पण मला या विषयावर लिहायला लावले ते दुसऱ्या एका प्रसंगाने. बावन्न वर्षांचे एक शिक्षक, दहा वर्षांचा मधुमेह, ग्लिमेपिराइडची गोळी सकाळ-संध्याकाळ. पुण्याहून आलेल्या भाच्याने सांगितले, ‘मामा, पिठूर पदार्थ सोडा, मधुमेह पळेल.’ गुरुजींनी भाकरी, भात सगळे सोडले, अंडी आणि मटण सुरू केले. दहाव्या रात्री तीनच्या सुमारास घामाने चिंब होऊन असंबद्ध बडबडू लागले. पत्नीला वाटले, झटका आला. दार वाजवून मला उठवले. यंत्रावर साखर ४६ निघाली. गिळता येत होते म्हणून साखरेचे पाणी पाजले, पंधरा मिनिटांत गुरुजी ओळख देऊ लागले. ‘अहो डॉक्टर, यांनी भाकरी सोडली, पण गोळी तीच चालू ठेवली,’ बाई रडत सांगत होत्या. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्यांना तसेच घरी न पाठवता रुग्णालयात दिवसभर ठेवून घ्यायला लावले.

भाच्याचे म्हणणे अर्धे खरे होते. पिठूर पदार्थ कमी केले की साखर उतरते, आणि म्हणूनच गोळी किंवा इन्शुलिन तेवढेच ठेवले तर ती जीव घेण्याइतकी उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका उलट्या बाजूने आहे. पिठूर पदार्थ पूर्ण बंद केल्यास रक्तात आम्ल साचू शकते, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेलीही नसते. उलट्या, पोटदुखी, धाप, आणि यंत्रावर साखर १८०-२००. घरच्यांना वाटते, पित्त झाले. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट. बेलव्ह्यूच्या प्रयोगानंतर त्या दोघांना ग्लुकोज पाजून तपासले, तर साखर नेहमीपेक्षा जास्त चढली. साधा आहार सुरू झाल्यावर काही काळाने ती पूर्ववत झाली. तेव्हा असा आहार घेणाऱ्याने ग्लुकोजची चाचणी करायची असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, नाहीतर नसलेला मधुमेह चिकटेल.

लांबचा पल्ला

वीस वर्षे हा आहार घेतल्यास काय होते, याची विश्वासार्ह पाहणी अद्याप झालेली नाही. किमान सहा महिने असा आहार घेतलेल्या २,०२९ जणांची एक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. बहुतेक जण समाधानी होते. परंतु माहिती त्यांनी स्वतःच दिलेली होती, आणि ज्यांना त्रास होऊन ज्यांनी आहार सोडला ते त्यात असणार कसे? लग्नाला आलेल्यांनाच ‘जेवण आवडले का’ विचारण्यासारखे हे झाले. त्यातही ज्यांनी रक्ताचे आकडे दिले, त्यांच्या घातक कोलेस्टेरॉलचा, म्हणजे एलडीएलचा, मधला आकडा १७२ होता. १०० च्या आत असावा असे आम्ही सांगतो. आपल्या लोकांना हृदयविकार आधीच तरुण वयात गाठतो. तिथे १७२ घेऊन स्वस्थ बसणे मला तरी जमणार नाही.

कर्करोगाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१५ साली सांगितले ते असे, की सॉसेज, सलामीसारखे टिकवलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ताज्या लाल मांसाबद्दल पुरावा त्याहून कमी भक्कम, पण संशय आहेच. भाजीपाला आणि धान्यांतील चोथा आतड्यातील जंतू खातात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषक द्रव्ये मिळतात. मांसात चोथा नाही.

आपल्या आज्या मटणाच्या ताटात भाकरी, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड न चुकता ठेवत. कोकणात माशाबरोबर भात आणि सोलकढी. मांस भरपूर खाणाऱ्या आपल्या कुठल्याही जातीजमातीत नुसत्या मांसाचे ताट मी पाहिलेले नाही.

तरीही एखाद्याने हट्टच धरला, तर त्याने निदान आरंभ करण्यापूर्वी लिपिड, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. एलडीएल १९० च्या वर गेले तर थांबावे. चरबी किंवा तूप असावे, पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नये. वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी हा प्रयोग करू नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने ताटातली भाकरी काढण्याच्या आदल्या दिवशी, नंतर नव्हे, आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. पत्रलेखकांच्या चिरंजीवांनी तूर्त या आठवड्यात उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे, आणि अहवाल येईपर्यंत रोज एक आवळा किंवा पेरू खायला काहीच हरकत नाही.