गटारात जगणारे गप्पी स्वच्छ पाण्यात का मेले?

सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या शिक्षकांचं पत्र आलं आहे. हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्याकडून मुलांनी गप्पी मासे आणले आणि वर्गातल्या काचेच्या पेटीत सोडले. मासे रुळले, त्यांना पिल्लंही झाली. मग पंधरा ऑगस्टच्या साफसफाईत पेटीचीही पाळी आली. मुलांनी शेवाळ खरवडलं, तळातले गोटे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, सगळं पाणी बदललं. त्याच संध्याकाळी काही मासे उलटे झाले. उरलेले एक-दोन दिवस बरे दिसले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकेक करून तेही गेले. गटारात जगणारा मासा इतक्या स्वच्छ पाण्यात कसा मेला, असं सर विचारतात. शेवटी एक संशयही नोंदवतात: कुणी गेळ तर टाकला नसेल?

त्या भागात हा संशय येणं साहजिक आहे. गेळाची फळं ठेचून डोहात कालवायची आणि गुंगून वर आलेले मासे वेचायचे, ही सह्याद्रीच्या पट्ट्यातली जुनी रीत. फळातलं सॅपोनिन पाण्यात फेसाळतं आणि माशाच्या कल्ल्यांना इजा करतं. माणसाच्या आतड्यातून मात्र ते फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे मासे खाणारा सुखरूप राहतो. ज्यांनी ही युक्ती शोधली त्यांना माशाचं मर्म कुठे असतं ते नेमकं ठाऊक होतं. पण गेळ सगळ्यांना एकदम आणि थोड्याच वेळात गाठतो. काहींना आज मारून उरलेल्यांसाठी तीन दिवस थांबणं हे त्याचं काम नव्हे. तेव्हा गेळ निर्दोष.

मासे का मेले हे शोधताना आधी वेळ विचारायची. पहाटे मेले आणि त्यातही मोठे आधी मेले, तर ऑक्सिजन कमी पडला असं समजावं. रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजन घेणाऱ्यांच्या रांगेत असतात. मुंबईत बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथे कुणी विष टाकत नाही. श्राद्धाचं अन्न पाण्यात पडतं, ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. कल्ले लालऐवजी तपकिरी दिसले तर नायट्राइटचा संशय घ्यावा, कारण त्याने रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. पाणी बदलल्यावर काही तासांतच मासे मेले, तर पहिलं बोट क्लोरीनकडे.

आपल्या प्रकरणातली पहिली फेरी क्लोरीनचीच, असं मला वाटतं. पावसाळ्यात ग्रामपंचायती विहिरीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतात आणि ती टाकलीच पाहिजे. गॅस्ट्रोची साथ कुणालाच नको. नळाच्या पाण्यात लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला की पाणी पिण्याला योग्य. गावचा जलसुरक्षक क्लोरीन तपासायला थोड्या पाण्यात ओटीचे थेंब टाकतो, पाणी पिवळं होतं, वहीत नोंद होते. माणसाला याचा त्रास नाही, कारण आपण पाणी पोटात घेतो. मासा तेच पाणी कल्ल्यांच्या नाजूक पडद्यावरून अखंड खेळवत असतो आणि त्याहून कितीतरी कमी क्लोरीनही तो पडदा जाळतो. गटारात टीसीएल कुणी टाकत नाही. सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं, कारण त्यात एक बापलेक आहेत.

लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. 1849 साली त्यांनी बारा गॅलनच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाणी न बदलता मासे जगतात का, हे त्यांना पाहायचं होतं. वनस्पतीची पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. मग त्यांनी गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि भांडं स्थिरावलं. वनस्पती ऑक्सिजन देते, मासा तिला खत देतो, गोगलगाय झाडलोट करते, असा समतोल त्यांनी 1850 मध्ये मांडला. घरोघरच्या काचपेट्यांचा उगम इथला. पण हिशेबात एक भिडू राहिला होता. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकतो, आणि अमोनिया विषारी. तो जायचा कुठे?

वडिलांच्या भांड्यात मासे फिरत होते तेव्हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो रसायनशास्त्र शिकला तेही वडिलांच्या प्रयोगशाळेत. इकडे फ्रान्समध्ये 1877 साली श्लेझिंग आणि म्युंट्झ या संशोधकांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडलं. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग एकाएकी नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम बंद. नंतर थोडं मातीचं पाणी घातलं की पुन्हा सुरू. निव्वळ रसायनाला भूल चढत नाही, म्हणजे नळीत काहीतरी जिवंत होतं! स्वयंपाकघरातली उपमा द्यायची तर हे विरजण: ते लागायला वेळ लागतो, उकळत्या पाण्याने भांडं विसळलं तर मरतं, आणि जुन्यातलं चमचाभर नव्यात घातलं की काम लवकर होतं.

धाकट्या वॉरिंग्टनने रॉथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात हाच धागा धरला आणि पुढची दहा-बारा वर्षं त्यावर घालवली. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं, मग नायट्रेट, आणि या दोन पायऱ्या वेगवेगळे जीव चढतात, हे त्याने दाखवलं. ते जीव वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. त्या काळी जिवाणू जिलेटिनवर वाढवत, आणि या पठ्ठ्यांना जिलेटिनचं जेवण नकोच होतं. 1890 मध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी ते वेगळे काढले आणि पाठ्यपुस्तकात नाव त्यांचं लागलं. विनोग्राद्स्की मोठेच, त्याबद्दल वाद नाही. पण बापाने मांडलेल्या हिशेबातली चूक मुलाने, शेतातल्या मातीवर काम करता करता, दुरुस्त केली, ही गोष्ट मत्स्यपालनाच्या पुस्तकांत मला फारशी भेटत नाही याची खंत वाटते.

आता शाळेच्या पेटीकडे. सरांच्या मुलांनी गोट्यांवरचा आणि स्पंजमधला जो तपकिरी बुळबुळीतपणा घासून काढला, तीच जिवाणूंची वस्ती होती. उरलीसुरली क्लोरीनने मारली. वाचलेले मासे अमोनिया टाकत राहिले आणि तो हटवायला कुणी नव्हतं. त्यात अमोनियाचा घातकपणा पाण्याच्या सामूवर ठरतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. 8 असेल तर सुमारे पाच टक्के. 9 ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा सातच्या वरच असतं. गटारात मात्र चिखल असतो, चिखलात जिवाणू असतात आणि पाणी सरकत राहतं. ऑक्सिजन कमी पडला तर वरच्या बाजूला उघडणाऱ्या तोंडाने गप्पी अगदी पृष्ठभागाचं पाणी घेतो. चकचकीत पेटीत त्याची ही युक्ती अमोनियापुढे चालली नाही.

दुकानदार अशा वेळी निळं औषध किंवा 'जिवाणूंची बाटली' पुढे करतो. बाटलीच्या बाबतीत जरा सावध राहा. वर्षानुवर्षं लेबलांवर नायट्रोबॅक्टर हे नाव मिरवलं; 1998 मध्ये टिमथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या पेटीत नायट्राइट हटवण्याचं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. 2015 मध्ये तर अशा नायट्रोस्पायरा सापडल्या ज्या दोन्ही पायऱ्या एकट्याच चढतात, आणि त्यातल्या काही सापडल्या मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच. शहरात महागडा अरोवाना मासा मेला की 'घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं' म्हणतात. घरावर संकट होतं की नाही माहीत नाही. पेटीत अमोनिया होता का, ते कुणी मोजलेलं नसतं.

सर, मासे पुन्हा आणा. आणताना हिवताप विभागाच्या हौदातले शेवाळलेले दोन-चार गोटेही मागून घ्या. पाणी उघड्या घमेल्यात एक-दोन दिवस उन्हात ठेवा, मग त्यातलं थोडं पाणी वेगळं काढून त्यात जलसुरक्षकाकडून ओटीचे थेंब टाकून घ्या; किंचित पिवळं झालं तरी मासे सोडू नका. सुरुवातीला मोजकेच मासे आणि चिमूटभर खाद्य. पुढच्या साफसफाईत पाव हिस्साच पाणी बदला आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नको. काच हवी तेवढी चमकवा, गोटे मात्र बुळबुळीतच राहू द्या.